राखेतला कांदा

उदयसिंह शिंत्रेंनी आयुष्यात साधारण अकरा हजार माणसांना निरोप दिला, आणि प्रत्येकाला चारच ओळींत. शाहूपुरीतल्या दैनिक 'हलगी'च्या कचेरीत जिन्याखालच्या टेबलावर बसून ते निधनवार्ता लिहीत. कोल्हापूरचा माणूस पेपर हातात घेतला की आधी ते पान उघडतो. कोण गेलं आणि रक्षाविसर्जन किती वाजता आहे हे बघतो, मग चहाचा कप तोंडाला लावतो. पहिल्या पानावर मंत्र्याचं नाव चुकलं तर कुणी फोनसुद्धा करत नसे, पण रक्षाविसर्जनाची वेळ चुकली तर लोक थेट जिन्याखाली येऊन उभे राहिले असते. उदयसिंहांची वेळ एकदाही चुकली नाही. एवढं एक काम नीट करून माणूस निवृत्त झाला असता तरी त्याचं कौतुक करायला आपण मोकळे होतो. पण त्यांनी पुढं कादंबरी लिहिली, आणि निखाऱ्यावर मटण भाजण्यात असं नाव काढलं की पुण्या-बेंगळुरूची हॉटेलवाली मंडळी त्यांना विमानाचं तिकीट पाठवू लागली. हे सगळं एका भाजलेल्या कांद्यापाशी येऊन कसं अडलं, त्याची ही गोष्ट.

निधनवार्तेचा साचा ठरलेला. गाव, नाव, वय. पश्चात पती, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी नऊ वाजता. फोनवर ही माहिती उतरवून घेतली की उदयसिंह एक जादा प्रश्न विचारत, जो साच्यात बसत नव्हता. "त्यांना खायला काय आवडायचं?"

पलीकडचा माणूस आधी गांगरायचा, मग त्याचा आवाज बदलायचा. गेलेला पुरुष असला की उत्तरं धडाधड यायची. नळीचं मटण. दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. दह्यात कालवलेली शिळी भाकरी. गेलेली बाई असली की मात्र फोनवर शांतता. "तिला व्हय? तिला समदंच आवडायचं की." नाहीतर, "कधी इचारलंच न्हाय बगा." एका निवृत्त फौजदारानं असंच काहीतरी सांगून फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी परत लावला. म्हणाला, "सायेब, चाळीस वर्सं संसार केला. मला खरंच म्हाईत न्हाय." आणि रडायला लागला. उदयसिंह रिसीव्हर कानाला धरून बसून राहिले. 

'हलगी'चे संपादक पार्श्वनाथ मगदूम शिस्तीचे. ते म्हणत, "शिंत्रे, गेलेल्या माणसाच्या बातमीला आवड लागत नाही. जागा लागते, आणि ती आपल्याकडे नाही." त्यांचंही खरंच होतं. म्हणून उत्तरं छापून आली नाहीत, ती उदयसिंहांच्या वहीत गेली. अशा सात वह्या भरल्या.

उदयसिंह मूळचे नेसरीचे, त्यामुळे त्या बाजूची कुठलीही बातमी निघाली की त्यांच्याच गळ्यात पडायची. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात नेसरीच्या पलीकडच्या एका वाडीत म्हाई होती. म्हाई म्हणजे गावदेवीची मटणाची जत्रा. चाळीस उंबऱ्यांची वाडी, पण त्या दिवशी पावण्यांनी फुगून चारपट होणारी. देवळामागं चिंचेखाली एक बाई तीन दगडांच्या विस्तवासमोर बसली होती, आणि प्रत्येक घरातली बकऱ्याची मुंडी आणि पाय तिच्यापुढं येऊन पडत होते. वरचे केस जाळायचे, कातडी करपू द्यायची नाही, सुरीनं खरवडून पिवळीधमक करून द्यायची. शिवाय काळीज आणि चाप, म्हणजे बरगडीचे तुकडे, शिगेवर भाजून नैवेद्याला द्यायचे, तेही तिच्याच हातचे. बदल्यात नारळाची एक कवड आणि चोळीचा खण. नाव धोंडुबाई, पण कानडी मुलुख जवळ असल्यानं सगळे तिला आक्का म्हणत. तेव्हा तिची पन्नाशीसुद्धा आली नव्हती.

उदयसिंह बातमी घ्यायला गेले आणि सांज होईतो तिथनं उठले नाहीत. बातमीच्या नादात त्यांनी जाळावर एक शीग धरली, तसा आक्कानं त्यांच्या मनगटावर फटका दिला. "जाळावर भाजत न्हाईत, पावणं. जाळ मरू द्या आदी." बाभळीचं लाकूड, त्यावर उसाच्या चिपाडाची राख भुरभुरून निखाऱ्याचा राग उतरवायचा. तळहात वर धरून चरबी कशी बोलते ते ऐकायचं. चर्र वाजली तर शीग वर घ्यायची, नुसती सुसू करत राहिली तर चाललंय ते बरं चाललंय. मीठ-हळद आधी, कांदा-लसूण चटणी अगदी शेवटी, नाहीतर ती जळून कडू होते. हे सगळं आक्का सांगत नव्हती, करत होती. बघायचं काम उदयसिंहांचं होतं, आणि बघण्यात तो माणूस पक्का.

त्यानंतर एकही म्हाई त्यांनी चुकवली नाही. पहिली तीन वर्षं ते आक्काला 'पावणं'च होते. चौथ्या वर्षी अवकाळी पावसानं लाकडं भिजली, तेव्हा त्यांनी गाभ्यातलं कोरडं लाकूड निघेपर्यंत सकाळभर ओंडके फोडले, हाताला फोड आणले. दुपारी आक्का मान वर न करता म्हणाली, "उदय, ती राख हिकडं सरकव." परतीच्या एसटीत ते एकटेच हसत होते. घरी आल्यावर त्यांनी बायकोला हे दोनदा सांगितलं. संयोगिता वहिनी शाहूपुरीतच शाळेत मराठी शिकवायच्या, त्यांना माणसांची पारख होती. त्या म्हणाल्या, "चला, नोकरी पक्की झाली तुमची."

एक गोष्ट मात्र आक्कानं कधी दिली नाही. उदयसिंह दरवर्षी स्वतःच्या हातानं एक चाप भाजत आणि द्रोणात घालून तिच्यापुढं धरत. "आक्का, खाऊन सांग की, जमलंय का." ती वास घ्यायची, बोटानं दाबून बघायची आणि म्हणायची, "ठेव कडंला. मागनं खातो मी." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच खातो-जातो बोलतात. ते 'मागनं' कधी यायचंच नाही. म्हणजे आपलं अजून जमलेलं नाही, असं उदयसिंह समजत. आक्काच्या तोंडून एकदा "जमलं" ऐकायचं, एवढ्या एका हट्टापायी हा माणूस तीस वर्षं भाजत राहिला. सगळ्या महाराष्ट्रानं वाहवा केली तरी त्यांना ती उसनी वाटायची.

आणि वाहवा झालीच. कोल्हापुरात रविवारी दोस्तमंडळी शेतावर नाहीतर नदीकाठी जमून मटण करतात, त्याला रस्सा मंडळ म्हणतात. तिथं पातेल्याभोवती वीसजण मतं द्यायला आणि एक ढवळायला असतो. उदयसिंह त्या गोंधळातून बाजूला होऊन तीन दगड मांडायचे. हळूहळू पातेल्याभोवतीची गर्दी दगडांकडे सरकली. मगदूम साहेबांच्या कानावर हे गेलं. मगदूम जैन, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. पण वाचक कशानं थांबतो हे त्यांना कळत होतं. त्यांनी 'निखारा' नावाचं सदर सुरू केलं आणि पंचवीस वर्षं त्याची मुद्रितं स्वतः तपासली. काळजाच्या तुकड्यांवरचा मजकूर वाचताना त्यांचं तोंड एरंडेल प्याल्यागत व्हायचं. एकदा त्यांनी विचारलं, "शिंत्रे, चाप म्हणजे नेमकं शरीरातलं कुठलं?" आणि उत्तर यायच्या आत हात वर केला. "राहू दे. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे, तेवढं पुरे."

सदरात सगळ्यात गाजली ती 'कांद्याची परीक्षा'. आक्का भाजायला बसली की राखेत कडेला एक अख्खा कांदा सरकवून ठेवायची, हे उदयसिंहांनी पहिल्याच दिवशी टिपलं होतं. मधूनच ती तो काडीनं फिरवायची, दाबून बघायची. उदयसिंहांनी ताडलं की हे निखाऱ्याचं माप असणार. कांद्याचं साल काळं होऊन फुटलं, आतनं पाणी सुटलं, की निखारा मटणाजोगा झाला. त्यांनी ते करून बघितलं, आणि खरंच जमत होतं. अकरा हजार घरांना जादा प्रश्न विचारणाऱ्या माणसानं इथं मात्र विचारलं नाही. आपल्याला कळलंय असं एकदा वाटलं की विचारायचं राहूनच जातं.

पुढं नोकरी सोडून, सदर तेवढं चालू ठेवून, त्यांनी उचगावच्या हद्दीत पत्र्याची शेड टाकली, रविवारी भाजायचे वर्ग सुरू केले. संगणकवाली पोरं-पोरी यायची, नवीन लग्न झालेली जोडपी यायची, हॉटेलांचे आचारी वह्या घेऊन यायचे. बार्बेक्यूच्या स्पर्धांना ते परीक्षक म्हणून जायला लागले. मोठमोठ्या चकचकीत शेगड्यांपुढं हा धोतराइतका साधा माणूस उभा राहायचा आणि पहिलं वाक्य बोलायचा, "आधी राखेत एक कांदा ठेवा." लोक माना डोलवायचे. बेंगळुरूच्या एका हॉटेलानं तर भिंतीवर कांद्याचं चित्र काढून घेतलं. सगळीकडे उदयसिंह सांगायचे की हे माझं नाही, नेसरीकडच्या धोंडुआक्काचं आहे. गुरूचं नाव लपवणारी माणसं ढिगानं असतात. हा त्यातला नव्हता, आणि म्हणूनच पुढं घडलं ते जास्त लागतं.

करोनाच्या साथीनंतरची पहिली म्हाई बारीक झाली. पावणे कमी, मुंड्या कमी. दुपारीच काम उरकलं. उदयसिंहांनी नेहमीसारखा द्रोण पुढं केला आणि आक्का, बहुधा दमल्यामुळं, पहिल्यांदाच खरं बोलली.

"उदय, मी खातच न्हाय रं मटण."

उदयसिंहांना वाटलं दातांमुळं. ती मान हलवत म्हणाली, "दात न्हवं. ल्हान व्हतो तवा एक करडू व्हतं आईवेगळं. बोट चोखवून जगवलं म्या त्येला. म्हाईला त्येच कापलं. पंगतीत बसल्यावर कळलं मला. तवापास्नं घास खाली जात न्हाय."

"मग भाजतीस कशी?"

"भाजायचं येगळं. लगीन करून आलो, सासूनं हितं बसीवलं. मला वाटलं, मारलंच हाय तर नीट तरी भाजावं. करपवून टाकून दिलं तर त्येचं मरण फुकट की."

"आणि साठ वर्षांत कुणाच्या ध्यानात नाही आलं?"

आक्का हसली. "वाडणाऱ्या बाईच्या ताटात काय हाय, ह्ये कोण बगतंय? मी जेवायला बसतो तवा समदी हात धुऊन सुपारी फोडत असत्यात."

उदयसिंहांनी द्रोण खाली ठेवला. "आणि माझे चाप? तीस वर्षं दिलेले?"

"पलीकडचा गुंडू खातो."

"गुंडू काय म्हणतो?"

"गुंडूला कायबी आवडतं." मग तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ह्ये तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे."

आता इथं उदयसिंहांची बाजू घ्यायची म्हटलं तरी घेता येत नाही. घरी येऊन त्यांनी सातही वह्या काढल्या. ज्यांची आवड कुणालाच माहीत नव्हती अशा शेकडो बायका त्या पानांत होत्या, आणि त्यांच्या पुढं आता आक्का येऊन बसली. दोन वर्षं ते लिहीत होते. 'मागल्या पंगतीला' ही कादंबरी बाहेर पडली तेव्हा त्यांच्या वयाची सत्तावन्न वर्षं झाली होती. ती एका भाजणाऱ्या बाईची गोष्ट आहे, जी स्वतः मटण खात नाही आणि हे कुणाला कळत नाही. पुस्तक चांगलं आहे, फार चांगलं आहे. वाचून कितीतरी घरांत पोरांनी आईला पहिल्यांदा विचारलं, तुला काय आवडतं म्हणून. पण गुपित गुपितच होतं, आणि ते दुसऱ्याचं होतं.

उदयसिंहांनी खबरदारी घेतली होती, पेपरवाल्याची. बाईचं नाव रखमा केलं. वाडी उचलून कृष्णाकाठी नेली. सावळी होती तिला गोरी केली. फक्त विस्तव बदलला नाही. रक्षाविसर्जनाची वेळ कधी न चुकवलेला माणूस तो, खोटा विस्तव त्याच्या हातून लिहिलाच जाईना. दोन दगड उंच, एक बुटका, तोंड उगवतीला, बाभळीच्या निखाऱ्यावर चिपाडाची राख, चटणी शेवटी, आणि कडेला कांदा. वाडीतल्या एका शिक्षकानं सकाळी दूध घालायच्या वेळी डेअरीवर चार पानं मोठ्यानं वाचून दाखवली. विस्तवाचं वर्णन आलं तसे कॅन हातात घेऊन उभे असलेले सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नाव रखमाचं होतं, पण असा विस्तव पंचक्रोशीत एकीचाच होता.

आधी चेष्टा झाली. मग म्हाई कमिटीचे प्रमुख हंबीरराव आक्काच्या दारात येऊन म्हणाले, "आक्का, देवीचा प्रसादच खात न्हाईस व्हय तू? आनि आमी साठ वर्सं तुज्या हातचा निवद दावतोय!" त्या उन्हाळ्यात हंबीररावांनी वेल्डिंगच्या दुकानातनं गॅसची बत्ती आणली. फर्र आवाज झाला आणि दहा मिनिटांत मुंड्या काळ्या झाल्या. चिंचेखालचे तीन दगड तसेच पडून राहिले. आक्का घराच्या उंबऱ्यात बसून होती, हात मांडीवर उताणे ठेवून. ज्या हातांना त्या दिवशी कधी उसंत नव्हती ते हात.

उदयसिंह नेहमीच्या एसटीनं आले. तिनं वर बघितलं. "या पावणं," ती म्हणाली. "चा घिऊन जावा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सत्तावीस वर्षांचं 'उदय' एका शब्दात पुसलं गेलं होतं. ते चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि परतले. पुढच्याच आठवड्यात कोल्हापुरात कादंबरीचा मोठा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. उदयसिंहांनी ती शाल घडी न मोडता कपाटात टाकली आणि उचगावच्या शेडला कुलूप लावलं. महिने गेले. रोजचा पेपरही ते उलटा घडी करून ठेवून देत.

शेवटी संयोगिता वहिनींनीच विषय काढला. "माफी मागून आलात का?"

"दोनदा गेलतो. चहा देती आणि पावणं म्हणती."

"माफी राहू दे. तुम्ही अकरा हजार घरांना विचारलंत, त्यांना काय आवडायचं. आक्का जिती आहे. तिला विचारलंत कधी?"

 आक्का मटण खात नाही एवढं उदयसिंहांना कळलं होतं, त्यावर तीनशे पानं लिहून झाली होती. ती खाते काय, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या फौजदारात आणि आपल्यात काही फरक नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते वाडीवर गेले. दार अर्धं लोटलेलं. बाहेरूनच त्यांनी विचारलं, "आक्का, तुला खायला काय आवडतं?"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. मग आक्का म्हणाली, "कांदा."

"कसला कांदा?"

"राखेतला. भाजत बसलं की कडंला सरकवतो की मी एक. मागनं भाकरीसंगं खातो. म्हाईला त्येच माजं जेवाण." आणि जरा थांबून, "दरसाल बगत व्हता की तुमी."

उदयसिंह तिथंच पायरीवर बसले. पंचवीस वर्षं, सहा शहरं, शेकडो विद्यार्थी, बेंगळुरूची भिंत. ज्याला ते निखाऱ्याचं माप म्हणत आले तो एका बाईचा दुपारचा घास होता. त्यांना हसू फुटलं आणि त्यातच डोळे भरून आले. आत दाराआड भांड्यांचा आवाज थोडा वेळ थांबला होता, तो परत सुरू झाला.

पेपरवाल्याला चूक कळली की एकच रस्ता असतो. त्या शुक्रवारच्या 'निखारा'त फक्त एक चौकट आली, वर शब्द होता 'दुरुस्ती'. "राखेत कांदा ठेवल्यानं निखाऱ्याचा ताव कळतो असं या सदरात व इतरत्र पंचवीस वर्षं सांगण्यात आलं. ते चूक आहे. तो कांदा म्हणजे श्रीमती धोंडुबाई यांचं जेवण होतं. आम्ही दरवर्षी बघत होतो, विचारलं नाही. तसंच त्यांनी विश्वासानं सांगितलेली गोष्ट कादंबरीत वापरली, तीही चूक आहे. दोन्हीबद्दल त्यांची माफी मागतो." मगदूम साहेब आता ऐंशीचे, पण मुद्रित अजून त्यांच्याकडे जायचं. त्यांनी एकही खूण केली नाही. फक्त खाली लिहिलं, 'जसंच्या तसं.' पुण्याच्या एका आचाऱ्यानं कळवळून फोन केला, "पण सर, ती परीक्षा खरंच लागू पडते हो!" उदयसिंह म्हणाले, "पडू दे की. पण कांदा झाला की आधी कुणाला तरी खायला घाल."

ती चौकटही डेअरीवर वाचली गेली. ह्या वेळी कुणी कुणाकडं बघितलं नाही. गॅसच्या बत्तीनं भाजलेल्या मुंडीचा रस्सा रॉकेलागत लागला होता हे वर्षभर सगळ्यांच्या जिभेवर होतं, पण बोलायला कुणी तयार नव्हतं.

यंदाच्या म्हाईला उदयसिंह उजाडताच वाडीवर पोचले. चिंचेखाली बसून त्यांनी तीन दगड मांडले, बाभळीचं लाकूड लावलं, जाळ मरू दिला, राख भुरभुरली. कुणाची मुंडी मागितली नाही, शीग काढली नाही. नुसते बसून राहिले, आणि नैवेद्याची लगबग सुरू झाली तसा एक कांदा राखेत सरकवला. लोक येता-जाता बघत होते. नैवेद्य झाला, मांडवात पहिली पंगत बसली. वाडीचा रिवाज असा की पहिलं पान पावण्याचं. पावण्यानं घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी हात लावायचा नाही. हंबीररावांनी स्वतः येऊन उदयसिंहांना उठवलं, पत्रावळीपुढं नेलं, रस्सा वाढायला सांगितला.

उदयसिंह पत्रावळीपुढं उभेच राहिले. "हंबीरराव, हे पान माझंच ना?"

"तर! तुमचंच."

"मग ह्या पानावर आक्का बसंल."

 हंबीररावांचा चेहरा लाल झाला. बायका पहिल्या पंगतीला बसत नसत, आणि त्यात ही. पण पावण्याचं पान पावण्याचं, ते मोडायचं कसं? सत्तर माणसं, पुढं वाफाळता रस्सा, आणि हात मांडीवर. पाच मिनिटं गेली. रस्स्यावर तर्री गोठायला लागली. शेवटी पंगतीच्या टोकाचा गुंडू, आता पाठीत वाकलेला, ओरडला, "आगं ये की आक्का! जीव चालला हितं भुकेनं!" दोन-चारजण हसले. हंबीररावांनी एकदा रस्स्याकडं बघितलं, एकदा चिंचेकडं बघितलं, आणि पायात वहाणा घालून स्वतः आक्काच्या घराकडं गेले.

ती आली तीच तणतणत. "म्हातारपणी तमाशा मांडलाय माजा," असं म्हणत पदर खोचून पानावर बसली. उदयसिंहांनी पत्रावळीवरचा रस्सा बाजूला काढला. नवी पत्रावळ मांडली, तिच्यावर भाकरी, मीठ, आणि राख झटकून, साल सोलून भाजका कांदा ठेवला. आपली पत्रावळ पुढं असताना सत्तर माणसं दुसऱ्याच्या ताटात बघत होती. साठ वर्षांत आक्काला जेवताना कुणी बघितलं नव्हतं.

तिनं कांद्याचा तुकडा मोडला, भाकरीत धरला, तोंडात घातला. सावकाश चावला.  तीस वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो आता येईल की येणारच नाही, एवढंच उदयसिंहांच्या मनात होतं.

आक्कानं घास गिळला आणि हंबीररावांकडं तोंड केलं. "आतनं कच्चा हाय की. आनि ह्यो म्हणं जगाला भाजायला शिकीवतोय!"

मांडव असा हसला की देवळावरची पाखरं उडाली. पंगतीनं पहिला घास घेतला. आक्का मात्र तो कच्चा कांदा शेवटच्या पाकळीपर्यंत खाऊन उठली, हात धुतला आणि चिंचेखाली गेली. मांडलेल्या दगडांकडं बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मागं हंबीरराव उभे होते, दोन्ही हातांत दुसऱ्या पंगतीच्या मुंड्या घेऊन.

"सरक, उदय," आक्का म्हणाली. "बुटका दगड कुठं मांडलायस ह्यो? आण हिकडं."

उदयसिंह दगड उचलून घेऊन आले.